कुरडयांवरचा धूर

बोरगाव मेघेत अच्युत आणि शेजारचा खुशाल यांचं मधल्या भिंतीवरून भांडण झालं, त्याला तीन वर्षं होत आली. तेव्हापासून बोलणं बंद. आणि एका सकाळी अच्युतने गाडी सुरू केली, तसा खुशाल भिंतीशी येऊन ओरडला, "धूर पांढरा येऊन राह्यला! बंद कर गाडी!"

पलीकडे खुशालच्या बायकोच्या, शालूबाईच्या कुरडया वाळत होत्या. अच्युतला काय समजायचं ते समजलं. "तुह्या कुरडयाइसाठी मी पैदल जाऊ काय?"

दुसऱ्या दिवसापासून तो गाडीचा सायलेन्सर बरोबर भिंतीकडे करायचा आणि उभ्या गाडीला दहा मिनिटं रेस द्यायचा. इंजिन थंड ठेवणारं कूलंट रोज कमी व्हायचं, खाली मात्र एक थेंब सांडलेला नसायचा. चोरही त्याने मनातल्या मनात ठरवून टाकला: खुशाल.

महिन्याभरात आर्वी रोडवर इंजिन जाम झालं. मेकॅनिकने ते खोललं आणि कपाळावर हात मारला.

"कूलंट अंदरच लीक होऊन राह्यलं होतं, साहेब. इंजिनात जळून पांढरा धूर होऊन निघून गेलं. पूरं इंजिन गेलं. बोरगावले राह्यता ना तुम्ही? तिथं आमचे उस्ताद राह्यतात, खुशालभाऊ. तीस वर्षं एसटीचे इंजिन खोलले त्याइनं. धूर पाहूनच बिघाड सांगते तो माणूस. त्याइले नाई दाखवला काय?"



अच्युत दात आवळून म्हणाला, "दाखवला. महिनाभर, रोज दहा मिनिटं."