दुसरी तार

मुख्याध्यापिका बाई खुर्चीच्या कडेवरच टेकल्या. संगीतशाळेत व्हायोलिन शिकवायला माणूस हवं होतं, मास्तरांच्या मुलीने अर्ज केला होता, आणि आता बापाने नुसतं 'हो' म्हणायचं बाकी होतं. मुलगी आत गाजरं सोलत होती. दार उघडंच होतं. तसाही मास्तरांचा आवाज हल्ली गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

"ती? ती शिकवणार?" मास्तर हसले. "अहो, तिला कान नाही. सूर काय आणि कारखान्याचा भोंगा काय, तिला दोन्ही सारखेच. गाजरं मात्र सुरेख सोलते. शाळेत तशी जागा निघाली तर कळवा."

बाई कसनुशा हसल्या, "बघू" म्हणाल्या आणि उठल्या.

दार लागलं तशी हाक आली. "खुंटे! व्हायोलिन लाव. संध्याकाळी मंडळी यायचीत."

हे नाव त्यांनीच पाडलेलं. लहानपणी तिने व्हायोलिन हातात घेतलं की ते गजाने खुर्चीच्या हातावर टक्क करायचे आणि म्हणायचे, "बेसूर." मग एकदा चारचौघांत म्हणाले, "तू वाजवू नकोस गं बाई, तू खुंट्या पिळ. हमालकाम आहे, तुला झेपेल." तेव्हापासून तारा जुळवायच्या खुंट्या तिच्याकडे.

ती हात पुसत आली. तारा एकेक करून जुळवू लागली. मास्तर तिच्या तोंडाकडे बघत बसले. तिने मान हलवली की तार लागली, एवढंच त्यांना कळायचं. कानांनी केव्हाच दगा दिला होता. समोरच्याचे ओठ बघून ते बोलणं भागवून न्यायचे. बोटं तेवढी शाबूत होती. जन्मभर जिथे पडली तिथेच ती आजही बिनचूक पडायची. तारा चोख लागलेल्या असल्या की वाजवणं चोख. हे दोघांनाच ठाऊक होतं, आणि दोघांनीही त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

दुसरी तार जुळली. तिने मान हलवली नाही.

"लागली?"

तिने खुंटी मागे फिरवली. केसभर. मग मान हलवली.

"लागली, बाबा."

संध्याकाळी खोली भरली. मास्तरांनी डोळे मिटून गज टेकवला. बोटं दुसऱ्या तारेवर आली तशी थोरल्या शिष्याची मान झटकन वर झाली. त्याने शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी सतरंजीची वीण बघू लागला. केसभर सुरासाठी याच मास्तरांनी याच खोलीत त्या सगळ्यांना रडवलं होतं.

"वा," थोरला म्हणाला. मग सगळेच म्हणाले.

मास्तरांनी डोळे किलकिले केले. माना डोलत होत्या. एका शिष्याची बायको तोंडावर रुमाल धरून हसू दाबत होती. बाईला भरून आलंय असं त्यांना वाटलं. ते खुलले. पुन्हा पुन्हा त्याच तारेवर गेले, तिथेच रेंगाळले. मुलगी दाराशी उभी होती. ती शेवटपर्यंत जागची हलली नाही.

मंडळी पांगल्यावर त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "कसं झालं?"

"चोख," ती रोजच्यासारखं म्हणाली.

"बघ. तुला हे सात जन्मांत जमायचं नाही."

ते झोपायला गेले. सकाळी तार चढवून ठेवू, असं मनाशी म्हणत तिने व्हायोलिनची पेटी बंद केली.

सकाळी ते उठले नाहीत.

त्याच खोलीत तीच माणसं पुन्हा जमली. रुमालवाली बाई आज खरंच रडत होती. थोरला मास्तरांच्या पायाशी बसला होता. "काय भाग्याचं मरण!" तो म्हणाला. "आदल्या संध्याकाळीसुद्धा सूर केसभर ढळला नाही." सगळ्यांनी मान डोलावली.

मुख्याध्यापिका बाईंनी मुलीला बाजूला घेतलं. "ही वेळ नव्हे, पण नंतर दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा... शाळेत आम्ही थोरल्यांना घेतोय. मास्तरांचा कान त्यांच्याकडे आलाय ना. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"ताई, व्हायोलिन आणता?" थोरल्याने हाक मारली. "उशाशी ठेवू."

तिने ते आणलं. ठेवण्याआधी दुसरी तार नखाने छेडली. ती खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू गेली. एकही मान वर झाली नाही.

ती बापाच्या कानाशी वाकली आणि त्याच्याशी बोलताना रोज लावायची तसा आवाज चढवून म्हणाली,

"बेसूर, बाबा. काल पहिल्यापासून शेवटपर्यंत बेसूर. मला ऐकू येत होतं."