दोन ताऱ्यांची जागा

“इथे लिंबाचा वास फार येतोय,” ब्लांच कुचेराबाई म्हणाल्या.

“स्वच्छतेचा वास आहे तो, आई,” त्यांचा मुलगा ड्वेन म्हणाला आणि त्याने हातातल्या फायलीत एक खूण केली. पाच तारे. वृद्धांची इतकी देखणी शुश्रूषागृहं अख्ख्या नेब्रास्कात बोटांवर मोजण्याइतकी होती. हॉटेलांसारखे या जागांनाही सरकार तारे देतं, आणि ड्वेनचा ताऱ्यांवर गाढ विश्वास होता. फ्रिज, दंतवैद्य, कुत्र्याचं खाणं, सगळं तो तारे बघूनच घेई. बायको तेवढी न बघता केली होती, आणि त्या खरेदीचा निकाल पुढे कोर्टात लागला.

मार्चमध्ये बाई न्हाणीघरात पडल्या आणि टपालवाल्याला हाक ऐकू जाईपर्यंत तशाच पडून राहिल्या. एकटीने राहायचे दिवस संपले, हे त्यानंतर दोघांनाही मान्य होतं. ड्वेन रविवारी डेन्व्हरला परतणार आणि थेट नाताळात उगवणार. मधल्या दिवसांत बाईंना पाणी कोण देणार, आणि ते कपाळाला आठी न घालता देणार का, एवढाच काय तो प्रश्न होता. फायलीत तो रकाना नव्हता.

व्यवस्थापिकेने पियानो दाखवला. कारंजं दाखवलं. जेवणघरात म्हातारी मंडळी भांग पाडून, टेबलाशी ओळीने बसली होती. बाई एका आजोबांपाशी थांबल्या.

“कॉफी कशी असते हो इथली?”

आजोबांनी आधी व्यवस्थापिकेकडे पाहिलं. मग म्हणाले, “छान असते.”

“पाहिलंस?” ड्वेन खुशीत पुटपुटला.

“पाहिलं,” बाई म्हणाल्या. “आता ती गिरणीजवळची जागा बघू.”

“आई, त्या जागेला दोन तारे आहेत. दोन! दोन ताऱ्यांचा टोस्टरसुद्धा मी घरात येऊ देत नाही.”

“मग तू गाडीत बस. मी बघून येते.”

ड्वेन गाडीत बसला नाही. बसला असता तर आई काठी टेकत एकटी आत गेली असती, आणि ते बघायला निम्मं गाव होतंच.

गिरणीजवळच्या जागेत उकडलेल्या कोबीचा वास होता. एका खिडकीचा रंग उडाला होता. तिथली व्यवस्थापिका ड्वेनपेक्षा लहान होती आणि तिने लपवाछपवी केली नाही. “सरकारकडे आमच्याविरुद्ध तक्रारी फार जातात. तक्रार गेली की तपासनीस येतात, आणि आले की त्यांना काहीतरी सापडतंच, मग तारे कापले जातात. खरं सांगायचं तर बहुतेक तक्रारी एकाच व्यक्तीच्या आहेत. नाव मात्र मला सांगता येणार नाही.”

तेवढ्यात जेवणघरातून आरोळी आली. “हे सूप आहे की भांडी विसळल्याचं पाणी?”

ड्वेनने आवाज ओळखला आणि त्याच्या जिवात जीव आला. एल्सी व्होंड्राचेक! आता इथे राहायचा प्रश्नच मिटला. अठरा वर्षांपूर्वी चर्चच्या मेजवानीत याच एल्सीबाईंनी त्याच्या आईने केलेले कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, हातात घेऊन, ‘दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली लावायला बरे आहेत’ असं भर पंगतीत सांगितलं होतं. त्या दिवसापासून आईने चर्चमधला बाक बदलला, किराणा दुकान बदललं, केस कापणारीसुद्धा बदलली.

एल्सीबाई चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, गालांवर लाली, अंगात इस्त्रीचा झगा.

“ब्लांच! तू अजून आहेस?”

“तुझ्याआधी जायला लाज वाटते, एल्सी.”

“ये, बघ जरा. गादी दगडाची. खिडकीतून वारा. अंघोळ तर अशी घालतात की जणू मी बटाटा आहे. डॅरेल! कागद आण!”

डॅरेल नावाचा आडदांड सेवक एप्रनला हात पुसत आला. एल्सीबाईंचे हात थरथरत, त्यामुळे सरकारला धाडायची तक्रार त्यांना स्वतः लिहिता येत नसे. डॅरेल शेजारी खुर्ची ओढून बसला आणि त्याने पेन उघडलं.

“बोला, एल्सीबाई.”

“सूप अळणी.”

“अळणी, की अगदीच अळणी?”

“अगदीच. आणि आणणारा माणूस उद्धट.”

“उद्धट,” डॅरेलने अक्षर वळवत लिहिलं. “फार उद्धट लिहू का? काल तसं होतं.”

“नको. आज दाढी केलीयस.”

मग त्याने त्यांच्याच वाटीतला एक चमचा चाखून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि मीठ आणायला उठला.

ड्वेनने फाईल मिटली. “चल आई. ही जागा बाद. त्या पाच ताऱ्यांच्या जागेला संध्याकाळी फोन करतो.”

कुचेराबाई व्यवस्थापिकेकडे वळल्या. “सही कुठे करायची?”

“आई! अगं, दोन तारे! आणि वर एल्सी!”

“तिच्या पोटच्या तीन पोरांना ती महिनाभर झेपली नाही,” बाई काठी टेबलाला टेकवत म्हणाल्या. “इथे चार वर्षं आहे, आणि अजून ही माणसं तिच्याशी हसून बोलतात. तिच्यापुढे मी म्हणजे गरीब गाय रे.”