नवा पत्ता
“थांब, मी वाचून दाखवतो,” म्हणत श्रीकांतरावांनी खुर्ची पुढे ओढली.

“नको बाबा, ऐकू येतंय मला,” ऋजुता म्हणाली. जन्मापासून अंध असलेली त्यांची ही मुलगी अंधांसाठी बोलक्या पुस्तकांची वेबसाइट चालवायची. आज ती वेबसाइट उघडतच नव्हती. पुस्तकं नव्या सर्व्हरवर गेली होती, पण डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, नोंदीत पत्ता अजून जुन्याच सर्व्हरचा होता.

हेडफोनमधला संगणकाचा आवाज वेबसाइटच्या सेटिंग्जचं पान वाचत होता. ऋजुतानं ती नोंद शोधली, जुना पत्ता खोडला आणि एकेक आकडा ऐकत नवा टाइप केला. न राहवून श्रीकांतरावांनी तो पडद्यावर ताडून पाहिला. एका टिंबाचीही चूक नव्हती. तोवर तिनं सेव्ह केलंही होतं.

तासाभरानं फोन वाजला, तो श्रीकांतरावांनी घेतला. परभणीचे एक अंध आजोबा आनंदानं बोलत होते, “पुस्तक पुन्हा सुरू झालं हो! तुमच्या इंजिनिअरसाहेबांना धन्यवाद सांगा.”

“साहेब नाहीत, माझी मुलगी आहे,” श्रीकांतराव म्हणाले. “तिनं एकटीनं केलंय सगळं. थांबा, तिलाच सांगा.”

त्यांनी फोन ऋजुताच्या हातात दिला.