बासची धार

पाहुण्याने बास गिटारला वायर जोडली आणि कानताईने डोळे मिटले.

ही तिची जुनी पद्धत. आवाज लावायचा तो डोळे मिटूनच. ज्यांच्या हाताखाली ती शिकली ते म्हणायचे, नॉबवरचे आकडे बघायची सवय लागली की कान आळशी होतात. तेव्हापासून आकडे बघणं तिला कॉपी करून पास झाल्यासारखं वाटे. तिचं खरं नाव आता कुणाच्या ध्यानातही नव्हतं. सगळे कानताई म्हणत आणि तिलाही ते मनापासून आवडे.

स्टुडिओ तिचा आणि तिच्या थोरल्या भावाचा. जागा इवलीशी. लोक गाणी पाठवत, दादा त्यांवर बास वाजवी, ती तो रेकॉर्ड करून ज्याचा त्याला पाठवून देई. पण दादाचा बास तिच्या रेकॉर्डिंगवर जसा वाजे तसा दुसऱ्या कुणाचा वाजत नसे. खाली भरदार आणि वर बोट तारेला लागल्याची बारीक धार. बास वाजवणारी मंडळी त्या धारेवरून हमरीतुमरीवर येत. एक म्हणे लाकडाची करामत, दुसरा म्हणे तारांखाली बसवलेल्या पिकअपची.

पाहुण्याने वाद कायमचा मिटवायचं ठरवलं. दादाचा महागडा बास ज्या कारागिराने घडवला, त्याच्याकडूनच त्याने हुबेहूब तसा बास करून घेतला. त्यापायी गाडी विकली, वर बायकोचा अबोला ओढवून घेतला. घरी आणून वाजवला तर धारेचा पत्ता नाही. शेवटी बास पाठीवर टाकून तो थेट इथे येऊन धडकला. इथे तो आवाज मिळाला, तर अख्खा अल्बम तो कानताईकडेच करणार होता.

"वाजव," ती म्हणाली.

तिचा हात न चाचपडता समोरच्या यंत्रावरच्या नॉबवर गेला. उंच सुरांचा नॉब. ती त्याला धारच म्हणे. सावकाश फिरवत ती ऐकत राहिली. आतल्या खोलीत गॅसवरची किटली शिटी वाजवू लागली. पाहुण्याने मान वळवून पाहिलं. दादा उठला.

"कुठे निघालास रे?" खुर्ची सरकल्याचं ऐकून तिने विचारलं.

"चहाचं बघतो."

किटली गप्प झाली. थोड्या वेळाने तिचं बोटही थांबलं. आली धार. तिला हवी तशी, नेहमीसारखी.

"घे. हाच ना तुझा आवाज?"

तिने डोळे उघडले. पाहुण्याने हेडफोन काढून हातात धरला होता. लिंबू चावल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा.

"ताई, रागावू नका. पण हे फार टोचतंय कानाला."

तिला राग आलाच. आजवर तिच्या कानाला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

"माझ्या कानाला नाही टोचत. तुझ्या बासमध्येच खोट असेल. दादा, तुझा दे रे याला."

दादा कप घेऊन दारात उभा होता. "आज नको," तो म्हणाला. "राहू दे ना."

दादाने असा नकार कधी दिला नव्हता. तिने स्वतःच उठून त्याचा बास स्टँडवरून काढला, वायर जोडली आणि पाहुण्याच्या हातात दिला. बाकी कशाला हात लावला नाही. त्याने एक तार छेडली आणि त्याचा चेहरा उजळला.

"हाच! अहो, हाच तो!"

मग दोन्ही बास शेजारीशेजारी ठेवून तो निरखू लागला. लाकूड तेच, तारा त्याच. "दादा, तुमच्या बासवरचा टोनचा नॉब तर पूर्ण बंद आहे. वरची सगळी धार मारलीय." त्याने नॉब फिरवून पाहिला. "हा फिरतच नाही."

"नाही फिरायचा," दादा म्हणाला. "चिकटवलाय."

"का?"

"चुकून उघडला जाऊ नये म्हणून."

कानताईने आपल्या नॉबकडे पाहिलं. किती तरी वर्षांनी पाहिलं. तो शेवटच्या आकड्याला टेकला होता. त्याच्यापुढे जागाच नव्हती.

"मघाशी तू उठलास," ती हळूच म्हणाली, "तेव्हा किटली वाजली होती?"

"किटली रोजच वाजते गं."

तिला लाज वाटली, भीती वाटली, आणि दादाचा इतका राग आला की त्याच्याकडे बघवेना.

"तू धार चढवत गेलीस, मी उतरवत गेलो," दादा म्हणाला. "आता माझ्याकडे उतरवायला काही उरलं नाही."

तिने पाहुण्याला त्याचाच बास पुन्हा वाजवायला सांगितला. डोळे उघडे ठेवून, आकडा बघून, नॉब मध्यावर आणला. तिला बास गोधडीखाली वाजल्यासारखा ऐकू आला.

"आता?"

"आता छान वाजतोय. पण दादांसारखा नाही," पाहुणा म्हणाला. तो अजून आपल्याच नादात होता. "तो आवाज यायला आणखी काय घ्यावं लागेल, तेवढं सांगा ना."

"तुझा बास चांगलाय, तोच वाजव," कानताई म्हणाली. "त्या आवाजाला कानाने अधू होत चाललेली बहीण लागते. आणि तिला ते कळू न देणारा भाऊ."