पटावरची अंजनी

"शाळेत गेला नव्हतात, याचा पुरावा आणा," असं म्हणून चिंतामणीने अर्ज खिडकीतून परत सरकवला.

अंजनीने तो उचलला नाही. "मी शालेत कदी गेलीच नाय. त्याचा पुरावा कोन देल?"

"ज्या शाळेत गेला नाहीत, ती शाळा देईल."

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधल्या एका कॉलेजात मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र होतं आणि चिंतामणी तिथला कारकून होता. ब्याण्णवच्या जानेवारीतले प्रवेश शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होते. अर्जासोबत शाळेचा कागद लागायचाच. शिकलेल्याने शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा, न शिकलेल्याने पटावर नाव नसल्याचा. चिंतामणी माणूस वाईट नव्हता. त्याने नियम दोनदा वाचून दाखवला, दुसऱ्यांदा जरा सावकाश.

अंजनी एक्केचाळीस वर्षांची होती. दोन गल्ल्या पलीकडे जीन्सच्या कारखान्यात ती धागे कापायची. मांजर्लीतल्या प्रौढ शिक्षण वर्गात ती उशिरा वाचायला शिकली आणि मग थांबायलाच तयार होईना. औषधाच्या बाटल्या, लग्नपत्रिका, वीजबिलाची मागची बाजू, काही सुटायचं नाही. वर्गातल्या बाईंनी सांगितलं, मुक्त विद्यापीठाला शाळेची अट नाही, एक परीक्षा दिली की थेट बी.ए. नवरा, सुदाम, पहिल्या दिवशी हसला. दुसऱ्या दिवशी तोच तिला फोटो काढायला घेऊन गेला.

मंगळवारी खाडा करून ती नदीपलीकडच्या माहेरच्या गावात गेली. मुख्याध्यापिका वृंदाबाईंकडे असला दाखला आजवर कुणी मागितला नव्हता. पण नाव नाही असं लिहून द्यायचं तर आधी शोधायला हवं. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून सत्तावन्न सालापासूनचं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि त्या नावांवरून बोट खाली नेऊ लागल्या. बोट थांबलं.

"अंजनी हरिचंद्र भोईर. तुम्हीच ना?"

अंजनी वाकून बघत राहिली. पहिली ते चौथी, चारही वर्षं तिची हजेरी लागली होती. एकसष्ट साली ती चौथी पास झाली होती, वर्गात तिसरी. तिचा भाऊ बाळा त्याच वर्गात होता, रोज खरोखर पाटी घेऊन जाणारा. तो नापास होता.

"नाव नसल्याचा दाखला आता मला देता येणार नाही," वृंदाबाई म्हणाल्या. "तुम्ही चौथी पास आहात." आणि त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला लिहायला घेतला.

रजिस्टरवर सही महिपती गुरुजींची होती. ते अजून हयात होते, शाळेच्या मागेच राहायचे. ऐंशीच्या घरातले गुरुजी ओटीवर उन्हाला बसले होते. अंजनीने दाखला त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ वाचला.

"पटावर मुली नसत्या तर शाळा बंद होणार होती," ते म्हणाले. "मी घरोघर फिरलो. तुझा बाप म्हणाला, गुरुजी, नाव न्या, पोर नेऊ नका. म्हशींकडे कोण बघेल?"

"मंग मना पास कशाला केलंत?"

"नापास केलं असतं तर तपासणीला येणाऱ्या साहेबाने विचारलं असतं, मुलगी मागे का पडली. मग तुला शाळेत आणावं लागलं असतं."

लहानपणी अंजनी म्हशी घेऊन बांधावर उभी असायची आणि शाळेतून पाढे ऐकू यायचे. आत बसलेल्या पोरींचा तिला फार हेवा वाटायचा. त्यांतली एक तीच होती.

"तुझ्या हजेरीवर शाळा चालली, अंजनी," गुरुजी म्हणाले. दाखला त्यांनी मुठीत घट्ट धरला होता. कागद फाटेल म्हणून तिने तो हळूच काढून घेतला. पुष्कळ बोलायचं होतं तिला. पण तोंडातून भलतंच निघालं.

"कशी व्हती मी शालेत?"

गुरुजींनी खरंच आठवून बघितलं.

"शांत," ते म्हणाले. "कधी त्रास दिला नाहीस."

घरी येऊन तिने दाखला सुदामला वाचून दाखवला. प्रगती चांगली, वर्तणूक उत्तम. सुदामने तो फाडून टाक म्हणून सांगितलं. ती रात्रभर तळमळली. खोट्या कागदावर खरं शिकायचं, हे तिला पटत नव्हतं. पण खरा कागद द्यायला जगात कुणी तयार नव्हतं.

शुक्रवारी पावणेपाचला ती खिडकीशी उभी राहिली. दाखला बघून चिंतामणी खूश झाला.

"चौथी पास! मग आधी का नाही सांगितलंत?"

"म्हायीत नव्हता."

त्याने ते मनावर घेतलं नाही. कागद टाचता टाचता तो थबकला आणि बोटांवर मोजू लागला.

"एकसष्ट ते ब्याण्णव. एकतीस वर्षांचा खंड आहे. चौथीनंतर पुढे का शिकला नाहीत, ते कारण इथे लिहून द्या. आणि खरं तेच लिहा, खाली तुमची सही आहे."

अंजनीने पेन घेतलं. मागे रांगेतली माणसं चुळबुळत होती, शिपाई एकेक खिडकी लावत येत होता. तिने घाई केली नाही. प्रौढ वर्गात गिरवलेल्या गोल, मोठ्या अक्षरांत तिने त्या चौकोनात लिहिलं:

"मी चौथी पास झाल्याचे मला या मंगळवारी समजले."