एकदाच विचारतात

पेंढ्याच्या गठ्ठ्यावर रुमाल अंथरून अर्चनाताई बसल्या आणि बसल्याबसल्या त्यांनी नाक मुरडलं. समोर गोल करून दहा-बारा माणसं वाजवत होती. कुणाच्या पायात चिखलाचे गमबूट, कुणाच्या मांडीवर कुत्रं. एका बाईनं तर चक्क कपडे धुवायची पत्र्याची फळी गळ्यात अडकवली होती आणि बोटांत टोपणं घालून ती खरवडत होती. ह्याला म्हणे ब्लूग्रास. संगीत अमेरिकेतल्या डोंगरातलं, चिखल इंग्लंडातल्या खेड्यातला, आणि वर त्याला तिकीट. दरवर्षी.

आणि त्या गोलात त्यांची चैत्राली. ताईंच्या वॉटफर्डमधल्या व्हायोलिनच्या क्लासमध्ये मांडी घालून वर्षानुवर्षं यमन घोटलेली मुलगी इथे उभी राहून, व्हायोलिन हनुवटीखाली दाबून, पायानं ठेका धरत होती. युनिव्हर्सिटीत गेली आणि हे शिकून आली. गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय.

ताई ऐकायला आल्याच नव्हत्या. मंडळाच्या गणपतीतला त्यांच्या क्लासचा अर्धा तास धोक्यात होता. "मोठं कुणी वाजवणार नसेल तर यंदा तो स्लॉट डान्सला देऊ या," असं सेक्रेटरी यतीननं गोड आवाजात सुनावलं होतं. क्लासमध्ये उरली होती ती अजून सा शोधणारी पिल्लं. अर्धा तास पेलेल अशी एकटी चैत्राली. पण गुरूनं शिष्येपुढे पदर पसरायचा? आपण नुसतं समोर जाऊन बसायचं, मुलगी पाया पडेल आणि "ताई, गणपतीत वाजवू का?" म्हणून स्वतःहून विचारेल, असा ताईंचा हिशेब होता. मुलगी आली, पायाही पडली. "बसा ना ताई, आता माझा टर्न येतोय," म्हणाली आणि पळाली.

तशी धमक नव्हतीच तिच्यात. चौदा वर्षांची असताना ताईंनी तिला गणपतीत एकटीनं वाजवशील का, असं विचारलं होतं. "नको, ताई," म्हणाली, मान खाली घालून. नको तर नको. ताईंनी ती जागा क्लासमधल्याच आश्लेषाला दिली आणि पुन्हा विचारण्याच्या भानगडीत पडल्या नाहीत.

गोलातला प्रकार तर अजबच होता. क्लाइव्ह नावाचा एक पांढऱ्या दाढीवाला बँजो वाजवता वाजवता एकेकाकडे बघून मान हलवायचा, की त्यानं आपलं कौशल्य दाखवायचं. हौशे, नवशे, गवशे सगळे सारखे. एकाचे सूर पार्किंगमध्ये जाऊन पडत होते, तरी त्याला टाळ्या. परीक्षा नाही, तयारी नाही, गुरूची परवानगी नाही. ताईंना मनापासून किळस आली.

तेवढ्यात क्लाइव्हची नजर ताईंच्या मांडीवरच्या व्हायोलिनच्या पेटीवर गेली. वाद्य गाडीत सोडून यायचं नाही हा त्यांचा नियम. त्यानं हसून त्यांच्याकडे मान हलवली. "फॅन्सी अ गो?" म्हणजे, वाजवणार का?

ताई सावरून बसल्या. आता ह्या लोकांना कळेल संगीत कशाशी खातात ते! पण कलाकार काही एका हाकेला उठत नाही. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा आढेवेढे घ्यायचे, तिसऱ्यांदा "आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर" म्हणून तार लावायला घ्यायची. पुण्यात पानातली जिलबीसुद्धा एका विचारण्यात कुणी घेत नाही. ताईंनी एक हात छातीवर ठेवला. "ओह नो, नो," त्या लाजून म्हणाल्या. दुसरा हात पेटीच्या खटक्यावर होता. राग ठरला होता, देस.

"नो वरीज," क्लाइव्ह म्हणाला आणि त्याची मान पुढच्या माणसाकडे वळली. पुढचा माणूस चमचे वाजवत होता. चमचे!

पुन्हा फेरी आली. क्लाइव्हनं ताईंना हळूच वगळलं, अगदी काळजीपूर्वक. चमचेवाल्याला दुसऱ्यांदा संधी मिळाली.

चहाच्या सुट्टीत ताईंनी चैत्रालीला गाठलं. "हा काय उद्धटपणा? पाहुण्याला असं विचारतात?"

"ताई, इथे एकदाच विचारतात. तुम्ही नको म्हणालात ना? परत विचारणं रूड असतं."

"अगं, पहिलं नको हे काय खरं नको असतं? आग्रह करायला नको कुणी? समोरच्याच्या मनात आहे, एवढं साधं कळू नये माणसाला?"

हातातला चहा चैत्रालीनं खाली ठेवला.

"हो," ती म्हणाली. "कळायला पाहिजे."

आपली बाजू घेतली पोरीनं, म्हणून ताई विरघळल्या. बोलायचं तर हीच वेळ होती, नाहीतर तो यतीन डान्स घेऊन बसलेलाच होता. अभिमान गिळून त्या म्हणाल्या, "बरं, ते जाऊ दे. यंदा गणपतीत तू वाजव. एकटी, पुढे बसून."

"नको, ताई."

ताईंना हायसं वाटलं. शिकवण अगदीच वाया गेली नव्हती. पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. त्यांनी प्रेमानं तिचा हात धरला. "असं काय गं करतेस? वाजव की. माझ्यासाठी."

तिकडे गोल पुन्हा जमत होता. क्लाइव्हनं चैत्रालीकडे बघून मान हलवली. तिनं आपला हात अलगद सोडवून घेतला आणि व्हायोलिन हनुवटीखाली लावलं.

"नाही, ताई. चौदा वर्षांची असताना म्हटलं होतं, ते तुमच्याकडचं नको होतं. हे इथलं आहे."