मावशी शिंकली

"फार थकलेय गं मावशी," वैजयंतीने ॲपची परीक्षा घ्यायला म्हटलं. एकटं राहणाऱ्यांशी गप्पा मारणाऱ्या या 'मावशी' ॲपमध्ये तिची फर्म पैसे गुंतवणार होती.

"जेवलीस का बाळा?" फोनमधून आवाज आला. वैजयंती फोनजवळ सरकली. मशीनला हे सुचावं? इतक्यात मावशी जोरात शिंकली, आणि तीच शिंक शेजारच्या खोलीतूनही ऐकू आली.

समोर बसलेल्या, ॲप बनवणाऱ्या निनादचा चेहरा पडला. वैजयंतीने दार ढकललं, तर आत त्याची आई हेडफोन लावून बसली होती. "ॲप अजून अडखळतं, मॅडम," निनाद पुटपुटला. "म्हणून आजच्यापुरतं..."

"बनवाबनवीत आम्ही पैसे घालत नाही," म्हणत वैजयंतीने पर्स उचलली.

ती बाहेर पडणार तोच आई ओशाळून म्हणाली, "हवं तर रागाव, पण जेवलीस का, ते सांगितलंच नाहीस."